जलतरंगवरील हवाई हल्ला

"पुन्हा एकदा सांगते," गच्चीच्या दारात थांबून सुनंदाबाई म्हणाल्या, "कबुतरं हाकलायची. ऊन फिरेल तशी साडी फिरवायची. आणि कुरडयांना हात लावायचा नाही."

"कुरडयांना हात न लावता त्यांच्याखालची साडी फिरवायची, हे तर्काला धरून—"

"वाद घालायचा नाही, हे सांगायचं राहिलंच."

विनायकराव दातार गप्प बसले. गप्प बसणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. तो त्यांच्या संसाराचा पाया होता. पनवेलच्या खांदा कॉलनीतील 'जलतरंग' सहकारी गृहनिर्माण संस्थेत विनायकरावांशी वाद घालून जिंकलेला एकही सभासद नव्हता, आणि सुनंदाबाईंशी वाद घालून जिंकलेले विनायकराव कोणी पाहिलेले नव्हते. संस्थेतील शक्तिसंतुलन एवढ्यावरच टिकून होते.

गच्चीच्या लांबच्या टोकाला, भर उन्हात, एका जुन्या पांढऱ्या सुती साडीवर कुरडया ओळीने वाळत पडल्या होत्या. त्या साध्या कुरडया नव्हत्या. पहिल्या मजल्यावरच्या जगन घरतांच्या मनिषाचे लग्न पुढच्या आठवड्यातल्या रविवारवर आले होते. नवरा मुलगा नाशिककडचा; आणि त्याच्या आत्याबाईंनी पहिल्याच बैठकीत "रुखवतात कुरडया असतीलच ना?" असे ज्या स्वरात विचारले, तो प्रश्नाचा स्वर नव्हता. तांदळाची भाकरी आणि खाडीची मासळी यांत मनिषाच्या आईचा, मालूचा, हात धरणारी बाई पनवेलपासून उरणपर्यंत सापडली नसती. पण गहू भिजवून त्याचा चीक काढण्याचे पाप तिच्या सात पिढ्यांत कोणी केले नव्हते. ती रडकुंडीला आली तेव्हा माहेरच्या सिन्नरकर सुनंदाबाईंनी शब्द दिला, "मालू, कुरडया माझ्याकडे लागल्या." गहू तीन दिवस भिजले, त्यांचे पाणी रोज बदलले गेले, आणि त्या पाण्यापायी विनायकरावांनी तीन दिवस तांब्याने मोजून आंघोळ केली. ज्या इमारतीत नळाला दिवसाआड आणि करंगळीच्या धारेने पाणी येते, तिथे कुरडई हा पदार्थ नसतो; तो त्याग असतो.

आज दोघींना जासईला मालूच्या मामाकडे मानाचे आमंत्रण घेऊन जायचे होते.

"वैनी, चला की आता," मालू म्हणाली. "दादा बघतील सगला. मिलिटरीवानी मानूस हाय."

"तीच तर भीती आहे," सुनंदाबाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

भीतीला कारण होते. ते दिवसच भीतीचे होते. सीमेवरचा तणाव विकोपाला गेला होता, देशभर नागरी संरक्षणाच्या कवायतींची घोषणा झाली होती, आणि वृत्तवाहिन्या पडदा लालभडक करून दर पाच मिनिटांनी स्टुडिओतला भोंगा वाजवत होत्या. अशा वेळी सामान्य माणसाची छाती दडपते, विनायकरावांची फुगली.

"एकाहत्तर साली मी दादरला होतो," असे ते भेटेल त्याला सांगत. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, कानांत कापूस, दातांत रुमाल, हे सारे त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले होते. तेव्हा ते आठ वर्षांचे होते हे ते सांगत नसत. आणि झाडून सगळ्या भोंग्यांच्या वेळी ते गाढ झोपलेले असल्याने त्यांना पांघरुणासकट उचलून खाली न्यावे लागे, ही सासूबाईंनी पुरवलेली माहिती सुनंदाबाईंनी आजवर दयाबुद्धीने स्वतःपाशी ठेवली होती.

संस्थेचे सेक्रेटरी कमलाकर सबनीस हे या बाबतीतले एकमेव नास्तिक.

"दातार, मला एक सांगा. शत्रू जलतरंगवर बॉम्ब टाकेल कशाला?"

"उलव्याकडे विमानतळ, उरणकडे बंदर, कळंबोलीला पोलादाचा बाजार. या तिन्हींच्या मधोमध आपण. नेम जरा चुकला की आपणच!"

"म्हणजे त्यांचा नेम चुकणार याची तुम्हाला खात्री आहे?"

"शत्रूच्या नेमबाजीवर विश्वास ठेवणं हा देशद्रोह आहे, सबनीस."

सबनीसांनी वर्तमानपत्र उघडले. आम्हां बाकीच्या सभासदांना मात्र, आपण कोणाच्या तरी नकाशावर आहोत, ही कल्पना भयंकर वाटता वाटता मनातून थोडी सुखावूनही गेली. पाण्याच्या बाबतीत तरी तसा अनुभव आजवर आलेला नव्हता.

मग विनायकरावांनी संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक परिपत्रक धाडले. 'प्राप्त परिस्थितीचे गांभीर्य लक्षात घेता' येथून सुरू झालेले ते वाक्य पूर्णविरामापर्यंत पोहोचेतो वाचणाऱ्याचा अंगठा दुखून येई. सर्वांनी हात जोडल्याचे चित्र पाठवून ते न वाचता संपवले. त्यातला एकच नियम तोंडी पसरला आणि म्हणून लक्षात राहिला: भोंगा वाजला की कोणीही प्रश्न विचारायचा नाही, दिवे मालवायचे आणि पार्किंगमध्ये जमायचे. प्रश्न न विचारण्याचा नियम विनायकरावांनी करावा, यातला विनोद त्यांच्या ध्यानात आला नाही.

युद्ध म्हटले की आग आली, आणि आग म्हटली की पाणी आले; तेव्हा खालची आणि वरची अशा दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या असाव्यात असे त्यांनी ठरवले. जगन घरत यांचे स्वतःचे टँकर होते. मुलीच्या लग्नापायी ते विनायकरावांच्या घराण्याचे ऋणी झाले होते. शिवाय शिकलेल्या माणसावर त्यांची श्रद्धा होती, हा त्यांचा एकच दुर्गुण. त्या शनिवारी दुपारी त्यांनी टँकरवर टँकर आणून रिता केला.

"साहेब, खालची टाकी टम्म भरली. आता वर चरवा पानी."

वॉचमन रामू सुट्टीवर गावी गेला होता. म्हणून जिन्याखालच्या खोलीत जाऊन पाण्याच्या मोटारीचे बटण स्वतः विनायकरावांनी दाबले. मोटार घुरघुरू लागली, आणि ते कबुतरे हाकलायला गच्चीवर गेले.

कबुतरे नव्हती. विनायकरावांनी आभाळ पाहिले. तेही मोकळे होते. मग त्यांच्या मनात असा विचार आला की आपण आभाळ पाहतो आहोत, पण आभाळातून आपल्याकडे पाहणाऱ्याला काय दिसत असेल? त्यांनी वैमानिकाच्या नजरेने खाली पाहिले, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. काळपट गच्चीवर लांबलचक पांढरा पट्टा, आणि त्यावर शिस्तीत मांडलेली पांढरी वर्तुळे! असे काही वरून पाहिल्यावर कोणता वैमानिक त्याला कुरडया समजेल? त्याच्या देशात कुरडया करतात की नाही, हाही प्रश्नच होता.

कुरडयांना हात लावायचा नव्हता. त्यांनी तो लावलाही नाही. साडीची दोन टोके धरून, श्वास रोखून, तसूतसूने ओढत त्यांनी तो सारा संसार गच्चीच्या पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या, खांबांवर उभ्या सिमेंटच्या चौथऱ्याखाली, गडद सावलीत नेऊन दडवला. सावलीत कुरडया वाळत नाहीत, हे त्यांना कळत होते. पण आधी जगणे आणि मग वाळणे, हा क्रम त्यांच्या लेखी निर्विवाद होता. चौथऱ्याच्या वर टाकीतून एक जाड नळी बाहेर आली होती. टाकी भरून वाहिली तर जादा पाणी जायची ती वाट. तिच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणून त्यात दोन पिढ्या वाढवल्या होत्या. विनायकरावांनी नळी पाहिली, जाळे पाहिले, आणि निर्धास्त होऊन ते खाली आले.

पार्किंगमध्ये सबनीस वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि जगन टँकरचा पाइप गुंडाळत होते.

"काय दातार, आले का कोणी?" सबनीसांनी वर न पाहता विचारले.

विनायकरावांनी उत्तरासाठी तोंड उघडले, आणि भोंगा वाजला.

तो जवळून वाजत होता, वरून वाजत होता आणि काळीज खरवडून काढील असा वाजत होता. चढत जाई, टोकाला जाऊन कापे, आणि पुन्हा खालून चढू लागे. क्षणभर कोणी हलले नाही. मग सगळे एकदम हलले.

जलतरंगने नियम तंतोतंत पाळला. दुपारी चारच्या लख्ख उन्हात दिवे मालवण्यात आले. ते मुळात लागलेले नव्हते. म्हणून दोन-तीन बिऱ्हाडांनी आधी लावून मग मालवले. चारी मजल्यांवरून माणसे खाली धावली. एकाने विम्याची कागदपत्रे आणली, एकीने शिट्टीच्या बेतात आलेला कुकर आणला, आणि जगन घरत वर जाऊन मनिषाच्या दागिन्यांचा डबा पोटाशी धरून, डोक्यावर हेल्मेट घालून परत आले. ज्या पार्किंगमध्ये हा आश्रय घ्यायचा होता ते चारी बाजूंनी उघडे होते, ही गोष्ट तेव्हा प्रथमच सर्वांच्या लक्षात आली. पण प्रश्न विचारायचे नव्हते.

"मेन स्विच पारू का, साहेब?" जगननी विचारले.

"मुळीच नाही! लिफ्टमध्ये कोणी अडकलं तर? एकाहत्तर साली आम्ही—"

"एकाहत्तर साली तुमच्या चाळीला लिफ्ट होती?" सबनीस म्हणाले.

"सबनीस, तुम्ही खाली का आलात?"

"तुमची फजिती पाहायला. वरून नीट दिसत नाही."

कोणाच्या तरी उशीचा कापूस उपसून वाटण्यात आला. कानांत कापूस आणि दातांत रुमाल धरून आम्ही सारे खांबांना टेकून उकिडवे बसलो. त्या शांततेत, भोंग्याच्या दोन हेलकाव्यांमध्ये, एक सलग घरघर ऐकू येऊ लागली.

"विमानं," विनायकराव रुमाल बाजूला करून कुजबुजले.

सबनीसांनी एका कानातला कापूस काढला. "आवाज जिन्याकडून येतोय."

"कमी उंचीवरून उडतायत."

"जिन्याखालून?"

"रडार चुकवायला!"

एवढ्यात मागच्या बाजूला, स्कूटर लावायच्या पत्र्याच्या शेडवर, तडतड तडतड असा आवाज सुरू झाला. कुकरवाल्या बाईंनी किंकाळी फोडली. मशिनगनचा आवाज कोणीही ऐकलेला नव्हता, म्हणून तो सर्वांनी ओळखला. आणि शेडच्या बाजूला बसलेले जगन एकदम मानेवर हात मारून ओरडले,

"साहेब, मेलो! मला लागली! वलावला लागतंय, रगत हाय का बघा!"

विनायकरावांनी त्यांच्या मानेवरून बोट फिरवून पाहिले. "रक्त नाही. पाणी आहे."

"पानी?"

विनायकरावांची नजर शून्यात गेली. तर्काच्या साऱ्या कड्या त्यांच्या मनात एकामागून एक जुळत होत्या. "टाकी! त्यांनी आपली टाकी उडवली. पाहिलंत, सबनीस? मी म्हणत होतो ना, आपण नकाशावर आहोत!" या उद्गारात भीती होती हे खरे, पण युद्धकाळात शोभणार नाही इतका आनंदही होता.

भोंगा दम लागल्यासारखा थांबला. लोक उठू लागले. तो पुन्हा सुरू झाला.

"दुसरी लाट," विनायकराव म्हणाले, आणि सगळे पुन्हा बसले.

त्याच वेळी फाटकापाशी रिक्षा येऊन थांबली. तीतून सुनंदाबाई आणि मालू उतरल्या. आपली सबंध सोसायटी तोंडात बोळे कोंबून खांबाखांबाशी उकिडवी बसलेली पाहून दोघी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"काय चाललंय हे?"

"आईअय्या," विनायकराव म्हणाले.

"तोंडातलं काढा आधी."

"हवाई हल्ला! आडोशाला या दोघी. आपली टाकी उडाली!"

सुनंदाबाईंनी मान वर केली. गच्चीच्या कठड्याजवळच्या पन्हळातून पाण्याची जाड धार शेडच्या पत्र्यावर कोसळत होती. त्यांनी भोंगा ऐकला, जिन्याखालची घरघर ऐकली, आणि एखाद्या मुलाचा ताप काखेत हात घालून ओळखावा तितक्या सहज त्या म्हणाल्या, "उडाली कसली? भरलीय."

"अशक्य!"

"म्हणजे विमानातून बॉम्ब पडणं शक्य, आणि आपली टाकी भरणं अशक्य?"

कोणीही हसले नाही. कारण खरे सांगायचे तर आम्हां प्रत्येकाच्या मनात त्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेच होते.

सबनीसांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि कपाळाला हात लावला. "दातार! अहो, हा तुमचा भोंगा!"

"माझा?"

"तुम्हीच बसवायला लावला होता की! टाकी भरल्याची सूचना देणारा!"

मग सगळ्यांना सगळे आठवले. कित्येक वर्षांपूर्वी, इमारत नवी असताना, टाकी भरली की वाजणारा भोंगा घ्यावा अशी सूचना विनायकरावांनी वार्षिक सभेत मांडली होती. दुकानदाराकडे तीन प्रकार होते. एकातून सनई वाजे. दुसऱ्यातून एक बाई मंजुळ स्वरात "टाकी भरली आहे" असे सांगे. सबनीसांचा कल त्या बाईकडे होता. तिसरा हा होता. विनायकरावांनी त्या दिवशी तासभर भाषण केले. "मंजुळ आवाज ऐकून माणूस फार तर कूस बदलतो," ते म्हणाले होते. "जो ऐकून माणूस जीव मुठीत धरून धावत सुटेल, तोच भोंगा खरा!" सभेला भूक लागली होती; ठराव एकमताने संमत झाला. त्यानंतर टाकी कधी भरली नाही, आणि भोंग्याने तोंड उघडले नाही. इतक्या वर्षांनी संधी मिळताच त्याने विनायकरावांच्या अपेक्षा शब्दशः पूर्ण केल्या होत्या.

"मोटार कुणी लावली?" सुनंदाबाईंनी विचारले.

"मी."

"मग बंद कोण करणार? तिसरी लाट?"

जगननी धावत जाऊन बटण दाबले. शत्रूची विमाने तत्काळ परत फिरली.

आता मालूचा चेहरा उतरला. "वैनी," ती हळूच म्हणाली, "कुरडया?"

सुनंदाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "काही काळजी करू नकोस. त्या पार त्या टोकाला आहेत, उन्हात. गच्चीचा उतार इकडे आहे. तिथवर पाणी जाईल कसं?"

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकट्या विनायकरावांनी तो आत घेतला.

"सुनंदा," ते म्हणाले, "एक सांगायचं राहिलं."

सगळे गच्चीवर धावले आणि टाकीच्या चौथऱ्याखाली वाकून पाहू लागले. नळी अजूनही थेंब थेंब गळत होती. कोळी कुटुंबासह स्थलांतरित झाला होता. तीन दिवस खपून सुनंदाबाईंनी चिकाच्या कुरडया केल्या होत्या. विनायकरावांनी तासाभरात कुरडयांचा पुन्हा चीक केला होता. मालू तिथेच ओल्यात मट्‌कन बसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

"त्या आत्याबाई काय बोलतील गो वैनी... म्हनतील, आईला येत नाय तं पोरीला काय येनार?"

विनायकरावांनी गळणाऱ्या नळीखाली ओंजळ धरली. वैमानिकाच्या नजरेतून गच्ची कशी दिसते हे ते सविस्तर सांगू शकले असते; पण त्या क्षणी ती मालूच्या नजरेतून कशी दिसते हे त्यांना दिसत होते, आणि दोन्ही नजरा एकदम ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती.

सुनंदाबाई रागावल्या नाहीत. ही सर्वांत भयप्रद गोष्ट होती. त्या एवढेच म्हणाल्या, "अजून आठवडा आहे. आज गहू भिजवले तर बुधवारी घालता येतील. ऊन लागलं तर शुक्रवारपर्यंत वाळतील. एक दिवस इकडचा तिकडे चालणार नाही."

"कोण करणार?" विनायकरावांनी विचारले.

"नागरी संरक्षण दल."

पुढचे काही दिवस जलतरंगमध्ये खरी शिस्त नांदली. खालच्या टाकीतला सारा साठा वर चढून, वरून वाहून, गटारातून खाडीला मिळाला होता. "पोरीच्या लग्नाचा काम हाय म्हनून आनतो," असे म्हणत जगननी पुन्हा टँकर आणला. पण त्यातले पाणी वर चढवायची छाती कोणाची होईना. बादल्या जिन्याने गेल्या. विनायकराव रोज गव्हाचे पाणी बदलत, आणि ते ओतून देताना सुनंदाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत नसत. बुधवारी पहाटे चीक शिजला आणि गच्चीवर पुरुषांची रांग बसली. सबनीसांचा हात या कामी विलक्षण चालतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्या कुरडया कंपासने काढल्यासारख्या गोल पडत. विनायकरावांनी सोऱ्या फिरवला तेव्हा पहिली कुरडई त्रिकोणी झाली, दुसरी तिच्या शेजारी जाऊन चिकटली, आणि तिसरीचा आकार कशाशीही जुळेना.

"गोलाई ही कुरडईची अट नाही," ते म्हणाले. "चवीचा आणि आकाराचा परस्परसंबंध—"

सुनंदाबाईंनी नुसते पाहिले.

त्या कुरडया मोडून टाकायच्या होत्या. पण चीक मोजका होता, म्हणून राहू दिल्या.

भोंगा काढून टाकावा असे सबनीसांचे मत पडले. ते कोणीच मानले नाही. टाकी भरू शकते, हे आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहिले होते! ज्या आवाजाला आम्ही मरणाचा समजलो तो पाण्याचा निघाला, आणि तेव्हापासून प्रत्येकाचा एक कान त्या आवाजाकडे लागून राहिला.

आणि शुक्रवारी सकाळी तो आला.

या वेळी तो लांबून येत होता आणि न थांबता येत होता. पण तेवढा फरक करायला वेळ कोणाला होता? पहिल्या मजल्यावरून जगन घरतांची आरोळी उठली, "पानी आला! टाकी भरली! धावा!" चारी मजल्यांवरून माणसे धावली, पण या वेळी कोणी कापूस आणला नाही, रुमाल आणला नाही. आणल्या त्या बादल्या. पार्किंगमधल्या नळापासून फाटकापर्यंत डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सरळ रांग लागली. रांग ही जलतरंगची सहजविद्या आहे. ती आम्हाला कोणत्याही परिपत्रकाने शिकवलेली नाही.

विनायकराव मात्र उलट दिशेने धावले. भोंगा म्हणजे टाकी, टाकी म्हणजे नळी, आणि नळी म्हणजे कुरडया, एवढी एकच साखळी आता त्यांच्या डोक्यात उरली होती. हाताला लागली ती ताडपत्री घेऊन ते चार जिने चढले. कुरडया लांबच्या टोकाला, उन्हात, खडखडीत वाळलेल्या होत्या. टाकी ठणठणीत कोरडी होती. तरीही त्यांनी ताडपत्री कुरडयांवर घातली, तिच्या चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, आणि दोन्ही हात पसरून ते टाकी आणि कुरडया यांच्यामध्ये उभे राहिले.

खाली फाटकापाशी एक जीप येऊन थांबली. गणवेशातल्या एक अधिकारी बाई उतरल्या. त्यांनी बादल्यांची रांग पाहिली. मग मान वर करून गच्चीवर हात पसरून उभा असलेला माणूस पाहिला.

"वा!" त्या म्हणाल्या. "सकाळपासून फिरतेय. मॉकड्रिलचा भोंगा वाजला की लोक बाल्कनीत येऊन शूटिंग करतायत. आणि इथे मिनिटभरात आग विझवायला बादल्यांची साखळी तयार! छतावर निरीक्षकसुद्धा! कुणी तयार केलं तुम्हाला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग साऱ्या रांगेने बोटे गच्चीकडे केली.

विनायकरावांना खाली बोलावण्यात आले. ते धापा टाकत आले. अचूकतेचे व्रत त्यांना स्वस्थ बसू देईना. "त्याचं असं आहे," ते म्हणाले, "ही जी रांग आपण पाहत आहात, ती मूलतः—"

"अहो," सुनंदाबाई म्हणाल्या.

विनायकरावांनी तोंड मिटले. अधिकारी बाईंनी त्यांच्याशी हस्तांदोलन केले. सबनीसांनी टाळ्या वाजवल्या. त्यात उपहास किती आणि कौतुक किती, हे त्यांचे त्यांना तरी ठरवता आले की नाही, कोण जाणे.

"कुणाला काही शंका?" बाईंनी विचारले.

रांगेच्या टोकाकडून जगननी हात वर केला. "म्याडम, ह्यो भोंगा टाकीचा नाय?"

"नाही हो. हवाई हल्ल्याचा."

जगननी आपल्या रिकाम्या बादलीत पाहिले. "हात् तिच्या! मंग नुसता हल्लाच हाय."

आणि रांग मोडली.

रविवारी लग्नाच्या मांडवात रुखवत मांडले होते. नाशिकच्या आत्याबाई चष्मा सावरत एकेक वस्तू पाहत पुढे सरकत होत्या. मागे मालू पदराचे टोक चावत उभी होती. कुरडयांच्या परातीशी आत्याबाई थांबल्या. त्यांनी एक उचलली, उजेडात धरली, बोटाने टिचकी मारून पाहिली आणि समाधानाने मान डोलावली. मालूने पदर सोडला. मग आत्याबाईंनी खालून आणखी एक उचलली. ती त्रिकोणी होती आणि तिला दुसरी एक चिकटलेली होती.

"आणि ह्या अशा कुणी घातल्या?"

खांबाआड उभ्या असलेल्या विनायकरावांनी आकार आणि चव यांच्या परस्परसंबंधाविषयी बोलण्यासाठी घसा खाकरला. पण सुनंदाबाईंनी मागे वळूनही पाहिले नाही.

"त्या होय?" त्या म्हणाल्या. "त्या युद्धकाळातल्या आहेत."